मुंबईतून पहिल्यांदाच कोळसा खाणीत सेफ्टीच्या कामाला जाताय, तर हे वाचून जा

गेल्या काही महिन्यांत मला एकाच प्रकारचे फोन येतायत. पोरगा किंवा पोरगी इकडचीच, कोणी कळव्याची कोणी घाटकोपरची, सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून नाहीतर दुसरीकडून सेफ्टीचा डिप्लोमा केलेला, तुर्भे-तळोज्याला केमिकल प्लांटवर किंवा मेट्रोच्या साइटवर दोन-तीन वर्षं काढलेली, आणि आता कंपनी म्हणतेय की चंद्रपूर-वणी साइडला कोळसा खाणीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालंय, तिकडे जा. मग विचारतात, दादा काय वाचू, पहिल्या दिवशी काय करू? फोनवर तासभर बोललो तरी अर्धं राहून जातं, म्हणून इथे सगळं लिहून काढतोय. मी भांडुपचा, मीही असाच गेलो होतो आणि पुढची नऊ वर्षं त्या पट्ट्यात अंडरग्राउंड आणि ओपनकास्ट (वरून उघडा खड्डा खणून कोळसा काढतात ती खाण) दोन्हीकडे काम केलं. लांबलचक झालंय, पण जायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

आधी डोक्यातली फॅक्टरी बाजूला ठेवा

फॅक्टरीत रिॲक्टर काल जिथे होता तिथेच आज असतो. छत इंजिनिअरने डिझाइन करून बांधलेलं असतं, दरवाजे तिथेच, पाईप तिथेच, एकदा धोका शोधून बोर्ड लावला की तो बोर्ड बरेच महिने खरा राहतो. खाणीत फेस, म्हणजे जिथून कोळसा काढतात ती जागा, दर पाळीला पुढे सरकते. आज तुमच्या डोक्यावर जे छत आहे ते काल कोळशावर टेकलेलं होतं, ते आज पहिल्यांदा उघडं पडलंय आणि ते कसं वागेल हे अजून कोणी पाहिलेलं नाही.

मेट्रोच्या बोगद्यात काम केलेल्यांना वाटतं आपल्याला अंडरग्राउंडची सवय आहे. पण मेट्रोत टीबीएमच्या, म्हणजे बोगदा खणणाऱ्या मशीनच्या, मागोमाग काँक्रीटचे सेगमेंट बसत जातात आणि तो बोगदा शंभर वर्षं टिकावा म्हणून बांधलेला असतो. कोळशाच्या खाणीत डिपिलरिंग सुरू झालं की आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांबसुद्धा काढून घेतात आणि मागचं छत मुद्दाम पडू देतात, त्या पडलेल्या भागाला गोफ म्हणतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा झोप लागली नव्हती. छत पडणं हा तिथे कामाचाच भाग आहे, फक्त ते कुठे आणि कधी पडणार आणि तेव्हा माणसं कुठे असणार एवढं आपल्या हातात असतं.

म्हणून रिस्क असेसमेंटचा कागद तिकडे पाळीगणिक शिळा होतो. सोमवारी पहिल्या पाळीला केलेलं असेसमेंट मंगळवारच्या रात्रपाळीला लागू पडेलच असं नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

पायरी १: जायच्या आधीचे कागद

हे पटकन सांगतो. आपण डिप्लोमात फॅक्टरी ॲक्ट शिकलो, खाणीला तो लागत नाही. खाणी डीजीएमएसच्या (खाण सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) अखत्यारीत येतात, त्यांचं मुख्यालय धनबादला. १९५२ चा माईन्स ॲक्ट, २०१७ चे कोल माईन्स रेग्युलेशन्स आणि २०२० चा ओएसएच कोड (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्याचा कायदा) ज्यात जुना माईन्स ॲक्ट सामावून घेतलाय, ही तीन नावं लक्षात ठेवा. त्यातले रेग्युलेशन्स छापून घ्या आणि जवळ ठेवा, त्यात १०४ नंबरला सेफ्टी मॅनेजमेंट प्लॅन आहे, तुमचं निम्मं काम त्याच्याभोवती फिरणार आहे.

दुसरं म्हणजे तुमच्या डिप्लोमावर तुम्ही खाणीचे कायदेशीर सेफ्टी ऑफिसर होत नाही. सरदार (पाळीत माणसांवर थेट नजर ठेवणारा), ओव्हरमन (त्याच्या वरचा), मॅनेजर ही सगळी डीजीएमएसची सर्टिफिकेट असलेली माणसं असतात आणि माणसांना बाहेर काढायचा, काम थांबवायचा कायदेशीर हुकूम त्यांचा असतो. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने सेफ्टी बघणारे. यात कमीपणा काही नाही, पण आपली जागा माहीत असली म्हणजे कोणत्या गोष्टीसाठी कोणाकडे धावायचं ते कळतं.

मेडिकल झाल्याशिवाय, व्हीटीसीचं (खाणीच्या ट्रेनिंग सेंटरचं) ट्रेनिंग झाल्याशिवाय आणि फॉर्म बी च्या, म्हणजे कामगारांच्या नोंदीच्या, रजिस्टरमध्ये नाव चढल्याशिवाय खाणीत पाऊल टाकू नका, साहेब कितीही म्हणाले की "चल रे, नुसतं बघून येऊ" तरी नाही. मुलींसाठी: २०१९ मध्येच टेक्निकल आणि सुपरवायझरी कामासाठी बायकांना अंडरग्राउंड जायला परवानगी मिळाली, तेव्हा ती सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेपुरती होती, त्यामुळे कोणी सरळ "बायका खाली जात नाहीत" म्हणालं तर ते जुनं झालं.

पायरी २: पहिले पंधरा दिवस सरदाराच्या मागे फिरा

चेकलिस्ट घेऊन जाऊ नका. म्हणजे खिशात असू दे पण काढू नका. नवीन माणूस आला आणि पहिल्याच दिवशी फोटो काढून त्रुटी लिहायला लागला की तिकडची माणसं तोंड बंद करतात, आणि मग तुम्हाला खरी माहिती कधीच मिळत नाही. माझं पहिल्या महिन्यात असंच झालं होतं, ते सावरायला पुढे वर्ष गेलं.

माझा नववा दिवस होता. इन्क्लाईनने, म्हणजे खाणीत जायच्या उताराच्या वाटेने, खाली उतरून आम्ही फेसवर गेलो, ब्लास्टिंग होऊन गेलं होतं आणि कोळसा अजून उचलायचा होता. छत धरून ठेवायला वर मारतात त्यातला शेवटचा बोल्ट जिथे होता त्याच्या पुढे साधारण दोन पावलांवर भिंतीत एक चकचकीत पट्टा दिसत होता, मला वाटलं जवळून बघावं. एक पाऊल टाकलं आणि मागून सरदाराने बेल्टला धरून ओढलं. "साहेब, कुठी चालले? तिकडं बोल्ट नाई लागला अजून." आवाज चढवला नव्हता, पण हात घट्ट होता. मग त्याने हातातला रॉड उचलला आणि मला उभं करून शिकवलं. एका हाताने रॉडने छताला ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं शेजारी छताला लावून ठेवायची. छत घट्ट असेल तर टण्ण असा आवाज येतो आणि बोटांना काही लागत नाही. सुटलेलं असेल तर ढप्प असा पोकळ आवाज येतो आणि बोटांना बारीक थरथर कळते. आमच्या डोक्यावर टण्ण वाजत होतं, आणि मी जिथे पाऊल टाकणार होतो तिथे त्याने लांबूनच रॉड लावला तर ढप्प. अर्ध्या तासाने ड्रेसरने पहारीने तो भाग पाडला, परातीएवढा पापुद्रा वाटत होता, निघाला दाराच्या फळीएवढा.

तो आवाज कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. पंधरा दिवस रोज छत ठोकून बघा, सरदाराला विचारा हा आवाज कसा वाटतो, चुकलात तर चुकू द्या. त्या पंधरा दिवसांत हेही बघा की कोण कुठे बसून डबा खातो, कुठल्या वाटेने माणसं शॉर्टकट मारतात, घंटीचे इशारे काय आहेत. हॉलेज (दोराने डबे ओढायची यंत्रणा) चालू असताना एक घंटी म्हणजे थांब, आपल्या बेस्टच्या कंडक्टरसारखंच, बाकीचे कोड तिथे बोर्डवर लावलेले असतात ते पाठ करा.

पायरी ३: मोठे धोके वेगळे काढा

खाणीत धोके शेकडो आहेत, घसरून पडण्यापासून विंचू चावण्यापर्यंत. पण एका झटक्यात अनेकांचा जीव घेणारे धोके मोजके असतात, त्यांना प्रिन्सिपल हझार्ड म्हणतात. ते पहिल्या पानावर, बाकीचे नंतर.

*छत.* वर बरंच सांगितलं. नियम एकच धरा, आधार न दिलेल्या छताखाली कोणीही नाही, मॅनेजरही नाही आणि तुम्ही तर नाहीच. प्रत्येक खाणीचा सपोर्ट प्लॅन असतो, त्यात दोन बोल्टमधलं अंतर, दोन ओळींमधलं अंतर आणि शेवटच्या ओळीपासून फेसपर्यंतचं अंतर लिहिलेलं असतं. टेप घेऊन मोजा. आणि बोल्ट लागलाय म्हणजे तो धरतोय असं समजू नका, प्लेट छताला टेकलीय की मधे बोट जातंय ते बघा. बोट जात असेल तर तो बोल्ट तिथे नुसता लटकतोय.

*गॅस.* आपल्या घरात सिलिंडर असतो नाहीतर महानगरची पाईपलाईन. सिलिंडरचा गॅस जड, गळला की जमिनीलगत पसरतो. पाईपलाईनचा गॅस म्हणजे बहुतेक मिथेन, तो हलका, वर जातो. खाणीतला गॅस हाच मिथेन, पण त्याला वास नसतो, कारण घरातल्या गॅसला जो घाणेरडा वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणजे खाणीत नाक उपयोगाचं नाही, मिथेनोमीटर लागतो, आणि तो छातीच्या उंचीवर धरून रीडिंग घेणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, तो छतालगत धरायचा असतो. छत पडून जिथे वर खड्डा झालाय तिथे तर नक्की, तिथे गॅस साचून राहतो.

हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर तो ठिणगी मिळाली की फुटतो, साडेनऊच्या आसपास सगळ्यात जोरात. नियम एवढ्यापर्यंत जाऊच देत नाही. खाणीत कुठेही १.२५ टक्क्यांच्या वर गेला की तिथली वीज बंद आणि माणसं बाहेर. परतीच्या हवेत, म्हणजे फेसवरून फिरून बाहेर जाणाऱ्या हवेत, ०.७५ च्या वर चालत नाही. रोजचं रीडिंग ०.१, ०.१, ०.१ असंच महिनाभर लिहिलेलं दिसलं तर खूश होऊ नका, जाऊन स्वतः शेजारी उभं राहून एकदा मोजून घ्या. मी एका ठिकाणी (नाव सांगत नाही) असं रजिस्टर बघितलंय ज्यात रविवारचं रीडिंग शनिवारीच भरलेलं होतं. त्या पाळीत खाली असलेल्या माणसांच्या घरचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले, मी त्या दिवशी ते पान घेऊन सरळ मॅनेजरकडे गेलो.

मिथेन फुटला की तो पडलेली कोळशाची धूळ हवेत उडवतो आणि मग ती धूळ पेटत पेटत पुढे जाते, हा दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा असतो. आताच्या झारखंडमधल्या धोरीच्या खाणीत २८ मे १९६५ ला स्फोटात २६८ माणसं गेली. म्हणून खाणीतल्या रस्त्यांवर दगडाची पांढरी पावडर मारतात, म्हणून पाणी मारतात. तुम्ही फिरताना भिंतीवर बोट फिरवून बघा, काळं येतंय का पांढरट.

गॅस हटवायला हवाच लागते. दर माणशी मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या उत्पादनाच्या दर टनामागे २.५ घनमीटर, यातलं जे जास्त ते. पण मोठा पंखा वर कितीही जोरात चालला तरी खाली कोणी हवेचे दोन्ही दरवाजे एकाच वेळी उघडे टाकले तर हवा शॉर्टकट मारून परत जाते आणि फेसवर पोचतच नाही. हे फार साधं आहे आणि फार वेळा होतं, दरवाज्याला दगड लावून ठेवलेला असतो कारण सामान न्यायला सोपं पडतं. तो दगड उचलून नुसता बाजूला टाकू नका, तो कोणी आणि का लावला ते विचारा, बहुतेक वेळा दरवाजाच जड झालेला असतो किंवा बिजागरी अडकत असते, ती दुरुस्त झाल्याशिवाय दगड परत येणार.

विडी, काडेपेटी, लायटर, मोबाईल खाली नाही. गेटवर झडती होते, तुमचीही होऊ द्या, आणि हसत होऊ द्या.

*पाणी.* आपल्याला पाण्याची भीती सांगायला नको, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस घराघरात आठवतो. त्यामुळे मुंबईचा माणूस खाणीत गेला की पाण्याचा विचार फक्त जूनमध्ये करतो. धनबादजवळच्या चसनाला खाणीचं बघा. २७ डिसेंबर १९७५, ऐन थंडी, आणि जुन्या कामांमध्ये साठलेलं पाणी मधला कोळशाचा पडदा फोडून खाली आलं, ३७० हून जास्त माणसं गेली. जुन्या सोडून दिलेल्या खाणीत पाणी वर्षानुवर्षं साठून असतं आणि दर १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब वाढत जातो. ५० मीटर पाणी असेल तर भिंतीवर किती वजन आहे ते तुम्हीच काढा.

म्हणून नियम असा की सोडून दिलेल्या कामांच्या ६० मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय जायचं नाही, आणि परवानगीने जाताना पुढे बोअर मारत, चाचपत जायचं. इथे तुमचं काम म्हणजे सर्व्हेयरकडे जाऊन नकाशा मागणं. शेजारची खाण कुठे संपते, तिचा नकाशा कोणत्या वर्षीचा आहे, दोन्ही खाणींनी मिळून करायचा जॉइंट सर्व्हे शेवटचा कधी झाला. नकाशात जिथे रेघ संपते तिथे जुन्या लोकांनी खरंच खणणं थांबवलं होतं का, हे कोण सांगणार? जुने निवृत्त कामगार गावात असतात, त्यांच्याकडे जाऊन बसा, चहा घ्या, ते सांगतात.

पावसाळ्याचा धोका वेगळा, तो वरून येतो. सप्टेंबर १९९५ मध्ये धनबादच्या गजलीटांड खाणीत नदीचं पाणी आत शिरलं आणि ६४ माणसं गेली. नदी-नाल्याची सर्वात वरची पूररेषा, बंधाऱ्याची उंची आणि नदीवर नजर ठेवणारा माणूस या तीन गोष्टी मे महिन्यात बघायच्या, जूनमध्ये नाही. आणि माणसं अडकलीच तर हार मानायची नसते हेही तिकडच्या लोकांनी दाखवलंय, नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर कोलियरीत पाणी भरलं, आत माणसं कुठे जिवंत आहेत ते कळल्यावर वरून भोक पाडून लोखंडी कॅप्सूल सोडली आणि एकेक करून ६५ जण बाहेर काढले. जसवंत सिंग गिल नावाचे इंजिनिअर स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली उतरले होते.

*आग.* कोळसा स्वतःहून तापतो, माचीस लागत नाही. धनबादजवळ झरियाच्या कोळसा पट्ट्यात १९१६ पासून आग आहे. खाली हवा दमट लागायला लागली, भिंतींना घाम फुटला, पेट्रोलसारखा वास आला की लगेच ओव्हरमनला सांगा, "बहुतेक काही नसेल" म्हणून पुढे जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइड वाढत चाललाय का हा आकडा रोज बघा, एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं.

कमरेचा सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र, शोभेचा नाही. डोळे मिटून उघडता आला पाहिजे, ट्रेनिंग पीसवर दहा वेळा करा. आणि हे प्रत्येक नवीन कामगाराला सांगा: वापरताना त्यातून येणारी हवा गरम लागते, तोंड कोरडं पडतं, म्हणजे तो काम करतोय, घाबरून तोंडातून काढायचा नाही.

*ओपनकास्ट.* तुमच्यापैकी बहुतेकजण इथेच जाणार, कारण कॉन्ट्रॅक्टरचं काम जास्त इथेच असतं. इथे डोक्यावर छत नाही पण जीव घेतात डंपर आणि ढासळणारे ढीग. १०० टनी डंपरचा टायरच माणसापेक्षा उंच असतो, ड्रायव्हरला समोर अगदी जवळ उभा असलेला माणूस किंवा बोलेरो दिसतच नाही. एकदा परवानगी घेऊन, गाडी बंद असताना, ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसा आणि खाली एका सहकाऱ्याला गाडीभोवती चालायला सांगा. तो कुठे दिसेनासा होतो ते बघितलं की तुम्ही आयुष्यात उभ्या डंपरच्या पुढून जाणार नाही. मी प्रत्येक नवीन हेल्परला आणि बोलेरोच्या ड्रायव्हरला हे करायला लावायचो, कुठल्याही पोस्टरपेक्षा याचा उपयोग झाला.

हॉल रोडचा (डंपर ये-जा करतात तो रस्ता) चढ १ ला १६ च्या आसपास, कडेला मातीचा बांध सगळ्यात मोठ्या गाडीच्या टायरच्या हिशोबाने उंच, लहान गाड्यांना उंच काठीवर झेंडा आणि दिवा. डंपचा, म्हणजे खणून टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्याचा, उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको, एका थराची उंची ३० मीटरच्या वर नको. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडमध्ये राजमहलच्या ओपनकास्टला ढिगारा सरकून २३ माणसं गेली, ती माणसं कामावर होती, घरून डबा घेऊन आलेली. ढिगाऱ्याच्या माथ्यावर भेगा दिसतात का हे रोज सकाळी बघा, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि मधलं अंतर वहीत लिहा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

चंद्रपूरचा मे महिना मुंबईसारखा नाही, पारा ४५ च्या वर जातो, घाम सुकून जातो त्यामुळे तहान कळत नाही. दुपारच्या पाळीत पाणी आणि सावलीची सोय हा सुद्धा रिस्क रजिस्टरचाच विषय आहे.

पायरी ४: रजिस्टर भरताना

प्रत्येक धोक्याला तीन आकडे देतात, झालं तर किती नुकसान, माणूस किती वेळ त्याच्या समोर असतो, आणि व्हायची शक्यता किती. तिघांचा गुणाकार केला की क्रम लागतो. पद्धत ठीक आहे पण एक खोट आहे. तीस वर्षांत एकदा होणारी गोष्ट, म्हणजे पाणी घुसणं किंवा स्फोट, शक्यतेच्या आकड्यात इतकी खाली जाते की गुणाकारात पाय मुरगळणं तिच्या वर येतं. म्हणून मघाशी म्हटलं मोठे धोके आधीच वेगळे काढा, त्यांना गुणाकाराच्या भरवशावर सोडू नका.

उपाय लिहिताना वरून खाली या. धोका काढूनच टाकता येतो का, नाही तर जागा किंवा पद्धत बदलता येते का, नाही तर मशीन किंवा अडसर, मग नियम-ट्रेनिंग, आणि शेवटी हेल्मेट-बूट. आपल्याकडे उलटं सुरू होतं, आधी हेल्मेट लिहितात कारण ते लगेच लिहिता येतं.

आणि प्रत्येक उपायापुढे लिहा, हा कोण तपासणार, कधी, आणि बंद पडला तर कोणाला कसं कळणार. एक उदाहरण देतो. एका ओपनकास्टला रजिस्टरमध्ये लिहिलं होतं "पाणी साचल्यास: स्टँडबाय डिझेल पंप उपलब्ध". पंप खरंच होता, रंग दिलेला, आवारात उभा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चालू करायला गेले तर बॅटरीच नव्हती, कोणीतरी मार्चमध्ये दुसऱ्या गाडीला लावली होती. त्या रात्री माणसं वेळेत वर आली, मशीन पाण्यात गेलं. त्यानंतर मी "उपलब्ध" हा शब्द रजिस्टरमध्ये चालवून घेतला नाही. लिहायचं असं: दर सोमवारी पहिल्या पाळीत पंप ऑपरेटरने दहा मिनिटं चालवायचा, पाणी खरंच वर येतंय ते बघायचं, वहीत वेळ आणि सही, दोन सोमवार सही नसेल तर फोरमनला फोन.

रजिस्टर ऑफिसात बसून भरू नका. फेसवर जमत नसेल तर हाजरीच्या जागी भरा, जिथे माणसं येतात-जातात. लोडरला, सपोर्ट मजुराला विचारा की "मागच्या आठवड्यात तुम्हाला कधी भीती वाटली?" धोका कोणता असं विचारलं की ट्रेनिंगमधलं उत्तर मिळतं, भीती विचारली की खरं उत्तर मिळतं. पिट सेफ्टी कमिटी असते, तिच्या मीटिंगला जा आणि मागच्या मीटिंगचे मुद्दे पुढे सरकले का ते बघा.

पायरी ५: कधी थांबायचं हे आधीच ठरवा

छतात टेलटेल नावाची नळी बसवतात, छत खाली सरकलं की तिच्यावरचा हिरवा पट्टा जातो, पिवळा दिसतो, मग लाल. पिवळा दिसला तर काय आणि लाल दिसला तर काय हे कागदावर आधी ठरलेलं पाहिजे, नावासकट: पिवळ्याला सरदाराने ओव्हरमनला कळवायचं आणि जादा सपोर्ट, लालला माणसं बाहेर, तारेचं कुंपण, मॅनेजरला फोन. याला तिकडे टार्प (ट्रिगर ॲक्शन रिस्पॉन्स प्लॅन) म्हणतात. गॅस, पाण्याची पातळी, डंपच्या भेगेचं अंतर, प्रत्येकाला असा टार्प हवा. पाळीच्या मधे, टार्गेट बाकी असताना, चार माणसं तोंडाकडे बघत असताना थांबायचा निर्णय डोक्याने घ्यायचा म्हटलं तर फार जड जातं. कागदावर असेल तर सरदाराला फक्त कागद दाखवावा लागतो.

आणि ज्याने थांबवलं त्याच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम. सरदाराने पाळी थांबवली आणि नंतर काहीच पडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी बोलणारच की "उगाच टन गेले". तेव्हा तुम्ही तिथे असलं पाहिजे आणि मोठ्याने म्हटलं पाहिजे की बरोबर केलं. एकदा त्याला एकटं सोडलंत तर पुढच्या वेळी तो पिवळ्याला हिरवं म्हणेल.

पायरी ६: पाळी बदलताना

माझ्या अनुभवात माहिती गळते ती याच वीस मिनिटांत. जाणारा सरदार थकलेला असतो, बस धरायची असते, येणारा घाईत. "सब ठीक" एवढ्यावर निरोप होतो. दोघांना शक्य तिथे फेसवरच भेटायला लावा, नाहीतर समोरासमोर बसून वही वाचायला लावा: कुठे ढप्प वाजलं, कुठला पंखा बंद होता, मिसफायर राहिलाय का. न फुटलेल्या भोकाचा निरोप तोंडी चालत नाही, लिहून सही लागते.

मग बत्तीघराकडे जा. प्रत्येकजण खाली जाताना टोकन देऊन बत्ती घेतो आणि वर आला की बत्ती परत करतो. पाळी सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तिथे उभे राहा आणि मोकळे हुक मोजा. दोन हुक मोकळे असतील तर ती दोन माणसं कोण, कुठल्या सेक्शनला, हे बत्तीवाल्या काकांना विचारा, सेक्शनला फोन लावायला सांगा, आणि ती दोघं वर येऊन बत्ती टांगेपर्यंत तिथून हलू नका.